एका पुरवणीसाठी एसेनवारी

जर्मन भाषेत 'एसेन' म्हणजे खाणं. शहराच्या नावाचा या खाण्याशी काही संबंध नाही, पण नाव ऐकल्याबरोबर आपल्या डोळ्यांसमोर ताटच येतं, त्याला काय करणार! खरं तर हे शहर ओळखलं जायचं ते कोळसा आणि पोलादासाठी. क्रुप घराण्याचे अवाढव्य कारखाने इथलेच. आता खाणी बंद झाल्यात, बऱ्याचशा भट्ट्या थंड पडल्यात. तरीही दर ऑक्टोबरमध्ये चार दिवस या शहरात हॉटेलची खोली मिळणं मुश्कील होऊन बसतं. कारण? खेळ! फुटबॉल नव्हे हं. पत्ते, सोंगट्या आणि फासे.

'श्पील' हे त्या जत्रेचं नाव. श्पील म्हणजे खेळ, संपला विषय. 1983 साली अगदी छोट्या प्रमाणावर सुरू झालेली ही जत्रा आज बैठ्या खेळांच्या दुनियेतली पंढरी आहे. मी गेले होते 2024 साली. 3 ते 6 ऑक्टोबर अशा चार दिवसांत तिथे 2 लाख 4 हजार माणसं येऊन गेली आणि 900हून जास्त प्रदर्शकांनी आपली दुकानं मांडली होती. तिकिटं संपली होती. आपण गणपतीतल्या लक्ष्मी रोडवर धक्के खाल्लेली माणसं, गर्दीचं कौतुक आपल्याला सांगू नका, असं मी ताईला तोऱ्यात म्हणाले होते. सकाळी दहाला दारं उघडली आणि चाकांच्या रिकाम्या सुटकेसा ओढत धावणारी जर्मन काका-काकूंची फौज बघून माझा तोरा उतरला. रिकाम्या सुटकेसा का? संध्याकाळी भरून न्यायला! काही पट्टीचे लोक तर ट्रेकिंगची सॅक पुढे आणि मागे अशा दोन्ही बाजूंना अडकवून आले होते. लहान पोरांना हाताला धरून, म्हाताऱ्या आईला व्हीलचेअरवर बसवून अख्खी कुटुंबं येतात. जागा मिळेल तिथे, अगदी जिन्याखाली फतकल मारून डाव टाकतात.

आता मुद्द्यावर येते. मला तिथे हवे होते फक्त साठ पत्ते. एक छोटं पाकीट, 2013 साली छापलेलं, आता बाजारातून गायब झालेलं.

भिडू सगळेच

पत्ते म्हटलं की आपल्याला आठवतात बदामसात, झब्बू, रमी, पाच-तीन-दोन. मे महिन्याची सुट्टी, आजोळची ओसरी, आणि मेंढीकोटात दश्शी गेली म्हणून भिडूवर खेकसणारे मामा. या सगळ्यांत कुणीतरी जिंकतं आणि कुणीतरी रुसतं. पण गेल्या पंधरा-एक वर्षांत पत्त्यांच्या खेळांची एक वेगळीच जात जोमानं वाढलीय. यात समोरची पार्टीच नाही. टेबलावरचे सगळे एकमेकांचे भिडू आणि शत्रू म्हणजे खुद्द डाव. जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे. को-ऑपरेटिव्ह गेम! (आपल्याकडे को-ऑपरेटिव्ह म्हटलं की साखर कारखाना किंवा सोसायटीची मीटिंग आठवते. भांडणं तिथेही होतात, इथेही होतात, त्याविषयी पुढे सांगतेच.)

आमच्या घरात हे खूळ शिरलं 2020च्या लॉकडाऊनमध्ये. मी आणि माझा धाकटा भाऊ वीकएण्डला म्हणून वारज्याला मावसबहिणीकडे गेलो आणि तिथेच अडकलो. भावजींच्या ऑफिसातला एक सहकारी अमेरिकेला जाताना एक खोकं त्यांच्या गळ्यात मारून गेला होता. आत होता 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द कार्ड गेम'. फँटसी फ्लाइट गेम्स या अमेरिकन कंपनीनं 2011 साली काढलेला, नेट फ्रेंच या डिझायनरचा खेळ. प्रत्येकानं तीन नायक निवडायचे, त्यांच्याभोवती आपली पन्नास पत्त्यांची गड्डी बांधायची आणि मग सैतानी जंगलं, दलदली, किल्ले पार करायचे. राक्षस, वादळं, दगाफटका हे सगळं येतं एका वेगळ्या गड्डीतून, ती कुणाच्याच बाजूची नाही. प्रत्येकाकडे धोक्याचं एक चक्र असतं. त्याचा काटा 50वर गेला की तुमचा खेळ खल्लास.

या खेळाची गोम म्हणजे तो हप्त्याहप्त्यानं यायचा. मूळ डबा घ्या, मग मोठी एक्स्पान्शन घ्या, मग साठ-साठ पत्त्यांची सहा पाकिटं, प्रत्येकात नवी मोहीम. सहा झाली की एक चक्र पूर्ण. मराठीत एक्स्पान्शनला काय म्हणायचं यावर आमच्यात बराच खल झाला. शेवटी धाकट्यानं परीक्षेतला शब्द सुचवला, 'पुरवणी'. तोच चिकटला.

तर त्या खोक्यात 'अगेन्स्ट द शॅडो' या चक्रातल्या सहापैकी पाच पुरवण्या होत्या. नव्हती ती तिसरी, 'एन्काउंटर ॲट अमॉन दिन'. 2022 साली कंपनीनं मूळ डबा सुधारून नव्यानं आणला, नंतर काही जुनी चक्रंही मोठ्या डब्यांत घालून पुन्हा छापली. पण आमचं चक्र त्यात नव्हतं. एकेकाळी पंधरा डॉलरला मिळणारं पाकीट आता ज्याच्याकडे आहे तो सांगेल त्या किमतीला!

आता हे पाकीट नसलं तर जग बुडणार होतं का? नाही. भावजींचं म्हणणं तेच होतं. "प्रिंट काढू, स्लीव्हमध्ये घालू, खेळू. चित्रं तीच, अक्षरं तीच." जगभर हजारो लोक हेच करतात. कंपनीनं नवीन पत्ते काढणं थांबवल्यावर 'अ लाँग-एक्सटेंडेड पार्टी' नावाच्या चाहत्यांच्या गटानं तर स्वतः नवी चक्रंच रचली, लोक ती छापून घेतात आणि खेळतात. पण धाकटा पडला हट्टी. तो मर्चंट नेव्हीत आहे, वर्षातले कितीतरी महिने बोटीवर. "सहा महिने मी समुद्रावर त्या चक्राचा विचार करतो, आणि तुम्ही मला झेरॉक्सवर लढायला सांगताय?" हे त्याचं आर्ग्युमेंट. ऑक्टोबरअखेर त्याला पुन्हा बोटीवर चढायचं होतं. म्हणजे डेडलाइनही होती.

आणि ताई? ती काहीच म्हणत नव्हती. खरं टेन्शन ते होतं.

घरचे नियम

प्रत्येक घरात पत्त्यांचे दोन कायदे असतात. एक छापील आणि एक घरचा. मेंढीकोटच घ्या. कुणाकडे हुकूम बंद ठेवतात, म्हणजे एक पान पालथं घालून. कुणाकडे कट हुकूम, ज्याच्याकडे उतरीचं पान नाही तो जे टाकेल तो हुकूम. कोकणातल्या मामेभावांशी पहिल्यांदा खेळताना अर्धा तास यातच जातो.

आमचा घरचा नियम होता खुल्या पत्त्यांचा. लॉकडाऊनमध्ये शिकत होतो, इंग्रजी बारीक अक्षरं, पन्नास अपवाद, तेव्हा सगळ्यांनी हातातली पानं टेबलावर उघडी मांडायची असं ठरलं. आणखी एक नियम धाकट्यानं केला. या खेळात एकच पान गड्डीत तीनदा चालतं, पण जुन्या मूळ डब्यात 'अनएक्स्पेक्टेड करेज' हे सगळ्यांना हवं असणारं पान कंपनीनं दिलंय एकच! आमच्याकडे दोन डबे होते म्हणून दोन पानं. तिसऱ्यासाठी तिसरा डबा कोण घेणार? धाकट्यानं भावजींच्या व्हिजिटिंग कार्डमागे ते हातानं लिहिलं आणि स्लीव्हमध्ये सरकवलं. अजूनही ते कार्ड आलं की सॉफ्टवेअर कंपनीचा लोगो लखलखतो आणि आमचा एल्फ शूर होतो. (झेरॉक्स चालत नाही पण हे चालतं. भावाला लॉजिक विचारायचं नसतं.)

खुल्या पत्त्यांनी मात्र हळूहळू वेगळाच रंग दाखवला. भावजी हुशार आहेत. चारही जणांची पानं त्यांना दिसायची आणि चारही जणांनी काय करावं हे त्यांना सगळ्यांच्या आधी सुचायचं. "तू हे टाक. नाही नाही, ते ठेव. हां, आता हल्ला कर." ते बरोबरच असायचं, हीच तर भानगड! या प्रकाराला जाणकार 'अल्फा प्लेअर' म्हणतात आणि को-ऑपरेटिव्ह खेळांचा हा जगभरचा जुना रोग आहे. ताई-भावजी 2022मध्ये डुसेलडॉर्फला गेले, खोकंही गेलं, खेळ व्हिडिओ कॉलवर चालू राहिला. 2023च्या उन्हाळ्यात एका रात्री डाव ऐन रंगात असताना ताईनं आपली पानं खाली ठेवली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "मी इथे फक्त तुझे पत्ते धरायला बसते का?"

मग बरेच महिने खोकं माळ्यावर. जर्मनीत माळे नसतात, तळघरात असेल. फोनवर ताई बोलायची ते जर्मनच्या क्लासबद्दल. ती तिथे गेल्यावर चिकाटीनं बी वन लेव्हलपर्यंत पोचली. भावजींचं ऑफिस इंग्रजी, त्यामुळे त्यांचं जर्मन बेकरीत दोन ब्रेड मागण्यापुरतं. मला एसेनला बोलावलं तेही तिनंच. "तू ये. पुरवणी मिळाली तर मिळाली. नाहीतर निदान फिरू."

फटाके आणि शांतता

डुसेलडॉर्फहून एसेन रेल्वेनं अर्धा तास. एसेनच्या मुख्य स्टेशनवरून यू-11 ही मेट्रो पकडायची आणि मेसे स्टेशनला उतरायचं. गर्दीबरोबर वाहत गेलात की आपोआप दारात. ताईनं डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या होत्या. कुठल्याही हॉलमध्ये शिरा, टेबलं मांडलेली असतात आणि रंगीत टी-शर्ट घातलेली पोरं-पोरी तुम्हाला फुकटात खेळ शिकवतात. फक्त टेबल रिकामं व्हायची वाट बघत उभं राहायचं, आपल्याकडे रविवारी हॉटेलात जेवणाऱ्यांच्या खुर्चीमागे उभे राहतो, अगदी तसं.

आम्ही तिघं बसलो 'हनाबी'ला. जपानी भाषेत हनाबी म्हणजे आतषबाजी. आंत्वान बोझा या फ्रेंच डिझायनरचा 2010 सालचा खेळ, 2013 साली त्याला जर्मनीचा 'श्पील डेस यारेस' म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. पन्नास पानं, पाच रंग, प्रत्येक रंगात एक ते पाच अशी चढती माळ लावायची. सोपं? पण गंमत अशी की पत्ते उलटे धरायचे! तुमची पानं तुम्हाला सोडून सगळ्यांना दिसतात. दुसऱ्याला सांगायचं ते फक्त एवढंच, "ही दोन लाल आहेत" किंवा "हे एक पान तीन नंबरचं". तेही मोजून, आठ खडे आहेत, प्रत्येक सूचनेला एक खर्च. तीन चुका झाल्या की स्फोट. सगळं जमलं तर 25 गुण.

या खेळात भावजींचं काय होणार? त्यांना ताईची पानं दिसत होती, स्वतःची नाही. तोंड उघडायची सोय नाही. पहिल्या दहा मिनिटांत ते घामाघूम. ताईनं त्यांना "तुझं हे पान एक नंबरचं" असं सांगितलं आणि ते पाऊण मिनिट तिच्या तोंडाकडे बघत राहिले. का सांगितलं असेल? आत्ताच का? मग टाकलं. बरोबर निघालं. आमचे गुण झाले सतरा. शिकवणाऱ्या मुलीनं टाळ्या वाजवल्या, ते बहुतेक तिचं कामच असावं.

हनाबीची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नियमपुस्तकातच घरच्या नियमांना मोकळीक आहे. बोलणं किती, गप्प बसणं किती, हे शेवटी तुमचं तुम्ही ठरवा असं ते सांगतं. त्यामुळे काही घरांत भुवई उडवली तरी फाउल आणि काही घरांत उसासे चालतात. "तुझ्याकडे एकही निळं नाही" अशी शून्याची सूचना चालते का, यावर तर दोन तट आहेत. याच्या छोट्या पुरवण्याही निघाल्या. काळ्या रंगाची एक, त्यात माळ उलटी, पाचाकडून एकाकडे उतरत जाते.

गप्प राहण्याचा धागा पुढे बऱ्याच जणांनी पकडला. वोल्फगांग वार्श यांच्या 2018 सालच्या 'द माइंड'मध्ये एक ते शंभर आकड्यांची पानं असतात, ती सगळ्यांनी मिळून चढत्या क्रमानं टाकायची, एक शब्दही न बोलता. बस. टॉमस झिंग यांचा 'द क्रू' हा 2019चा खेळ म्हणजे तर हुकूम-उतरीवाला, आपल्या ओळखीचाच, फक्त सगळे एका बाजूला. पन्नास मोहिमा आहेत. एका मोहिमेत प्रत्येकानं आपलं एकच पान उघडं करून इशारा द्यायचा. मेंढीकोटात भिडूला डोळा मारणाऱ्या समस्त मामांनी हा खेळ खेळून बघावा, शिक्षा म्हणून.

आमच्या मूळ खेळातही असा नियम आहे बरं का. आपापसात काय वाटेल ते बोला, फक्त हातातल्या पानाचं नाव सांगायचं नाही आणि वाचून दाखवायचं नाही. दुपारी पुऱ्या खाताना ताईनं हे मोबाइलवर काढून भावजींसमोर धरलं. भावजींनी वाचलं. "म्हणजे खुले पत्ते कॅन्सल?" "कॅन्सल." दुसरा ठराव तिनं मांडला, विचारल्याशिवाय सल्ला नाही. मी अनुमोदन दिलं. को-ऑपरेटिव्हची मीटिंग पाच मिनिटांत आटोपली.

कुम्पेल

शनिवारची अर्धी सकाळ आम्ही जत्रेला दांडी मारली आणि झोलफेराइनला गेलो. मुख्य स्टेशनवरून 107 नंबरची ट्राम. ही एसेनची जुनी कोळशाची खाण, 2001पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. 1932 साली सुरू झालेला बारा नंबरचा शाफ्ट म्हणजे लाल विटा आणि लोखंडाचं इतकं देखणं काम आहे की हा कारखाना होता यावर विश्वास बसत नाही. 1986च्या डिसेंबरमध्ये इथला शेवटचा कोळसा निघाला. कोळसा धुण्याच्या इमारतीत आता रुअर म्युझियम आहे, आत जायला भगव्या-केशरी प्रकाशात न्हालेला लांबलचक सरकता जिना. जिना चढताना भट्टीत शिरल्यासारखं वाटतं. वरून दिसतं ते हिरवं शहर, मधूनच एखादं गंजलेलं चाक.

खाणकामगार एकमेकांना 'कुम्पेल' म्हणायचे. सोबती, जोडीदार. हजार मीटर खाली ज्याच्या भरवशावर उतरायचं तो. ताईनं हा शब्द पाटीवर वाचला आणि म्हणाली, "म्हणजे भिडू."

परत येताना रुटेनशाइड भागात कॉफीला थांबलो. शेजारच्या टेबलावर सत्तरीची चार माणसं पत्ते खेळत होती. ताईनं आपलं बी वन वापरून विचारलंच. खेळ होता 'डोपेलकोप्फ'. 48 पानं, प्रत्येक पान दोनदा, खेळाडू चार आणि भिडू दोन-दोन. पण कोण कुणाचा भिडू हे सुरुवातीला माहीतच नसतं! ज्यांच्या हातात किलवरच्या दोन राण्या, ते एका बाजूला. त्या राण्या पडेपर्यंत सगळे एकमेकांकडे संशयानं बघत बसतात. आणि घरचे नियम? विचारू नका. नव्वे ठेवायचे की काढायचे? बदामच्या दोन्ही दश्श्या एकाच हातात पडल्या तर पहिली मोठी की दुसरी? चौकटच्या दोन्ही एक्क्यांना बढती द्यायची का? त्यातले एक आजोबा म्हणाले, खेळायला बसण्याआधी आम्ही नियमांवर भांडून घेतो, म्हणजे नंतर पत्त्यांवर भांडावं लागत नाही. ताईनं भाषांतर करून सांगितलं. भावजींनी कॉफीत साखर घातली, बराच वेळ ढवळली.

साठ पानं

पुरवण्यांचा शोध ही एसेनमधली वेगळीच दुनिया आहे. चकचकीत मोठ्या हॉलमध्ये नवा माल. प्रकाशक जत्रेपुरते छापतात ते एक-दोन पानांचे छोटे जोडसंच, ते पहिल्याच दिवशी उडतात. 2015 साली एका जर्मन प्रकाशकानं नाताळाआधीचं ॲडव्हेंट कॅलेंडरच काढलं, रोज एक खिडकी उघडायची, आत कुठल्या ना कुठल्या खेळाची इवलीशी पुरवणी. दुर्मीळ व्हायचा हा राजमार्ग! आधीच ठरवून अदलाबदल करणारे लोकही असतात. कुणाला काय द्यायचंय आणि काय हवंय याच्या याद्या कॉम्प्युटरला घालतात, तो साखळ्या जुळवतो. मी तुला, तू त्याला, तो तिला, ती मला. मग जत्रेत ठरलेल्या वेळी सगळे पिशव्या घेऊन उभे. आपल्या वधूवर मेळाव्यापेक्षा यशाचं प्रमाण नक्कीच बरं असावं.

आणि मग जुन्या मालाचे व्यापारी. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं शोधलेल्या माणसाला इथे एकदम घरच्यासारखं वाटतं. बुटांच्या खोक्यांत उभी लावलेली पाकिटं, बोटांनी एकेक मागे ढकलत जायचं. बोटं काळी होतात. तीन दुकानांत 'नाही'. चौथ्यात एका दाढीवाल्यानं काचेच्या कपाटातून काढलं, इंग्रजी, सीलबंद. किंमत छापील किमतीच्या साडेतीन पट. मी तिथेच धाकट्याला व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात संध्याकाळ झाली होती. तो आनंदानं ओरडला, मग किंमत ऐकून गप्प झाला. भावजी कार्ड काढायला लागले.

ताई मात्र पलीकडच्या दुकानात खोकं चाळत होती. तिनं हाक मारली. तिच्या हातात तेच पाकीट होतं, तेच चित्र, उघडलेलं, कोपरे थोडे झिजलेले, साठची साठ पानं मोजून घेतलेली. किंमत बारा युरो. फक्त नाव वेगळं. जर्मन आवृत्ती!

भावजी म्हणाले, "अगं पण वाचणार कोण?"

"मी."

"प्रत्येक पान?"

"प्रत्येक पान. तुम्ही ऐकायचं."

फोनवरून धाकटा म्हणाला, "ताई, घे. ओरिजिनल आहे ना? मग झालं."

दाढीवाल्यानं सीलबंद पाकीट पुन्हा काचेआड ठेवलं. त्याला काही फरक पडला नसावा, मागे दोघं जण उभेच होते.

त्याच रात्री डुसेलडॉर्फला डाव मांडला. जर्मनीत सात, पुण्यात साडेदहा. दिव्याला टांगलेला मोबाइल, खाली टेबल, धाकट्याची गड्डी त्याच्याकडे, बाकी सगळं आमच्याकडे. हातातली पानं मिटलेली. या मोहिमेत जळत्या गावातून माणसं बाहेर काढायची असतात. एकीकडे वाचलेले मोजायचे, दुसरीकडे मेलेले, आणि वाचलेल्यांचा आकडा खाली जाऊ द्यायचा नाही. ताई एकेक पान उचलायची, मनात वाचायची, एखाद्या शब्दावर अडायची, मग मराठीत सांगायची. "शेतघराला आग लागलीय. इथून निघेपर्यंत फेरीगणिक माणसं जाणार... थांबा, 'जाणार' की 'जाऊ शकतात'... जाणार." तिचं वाचून होईपर्यंत तिघंही चिडीचूप. भावजींनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "विचारतेस का काही?"

"नाही अजून."

पहिल्या डावात गाव जळालं. दुसऱ्यात पुण्यातले साडेबारा वाजून गेले, धाकट्याच्या मागे आईचा आवाज आला, "अरे झोपा की आता!" काटा माझा 47वर, भावजींचा 44वर. ताईनं आपली पानं बघितली, भावजींकडे वळली आणि म्हणाली, "आता विचारते. माझ्याकडे मारायला एक आहे आणि वाचवायला एक आहे. सांग." भावजींनी विचार केला आणि म्हणाले, "मला दिसत नाहीत तुझी पानं. तुला काय वाटतं?" तिनं वाचवायचं टाकलं. दोन गावकऱ्यांनी जिंकलो! तिसरी पुरवणी झाली, तीन बाकी होत्या. धाकट्याच्या बोटीला बावीस दिवस होते.

जायचं असेल तर

श्पील दर ऑक्टोबरमध्ये गुरुवार ते रविवार असतं. तिकिटं ऑनलाइन आणि लवकर काढा, दारात मिळतील या भरवशावर राहू नका. मुंबईहून फ्रँकफर्टपर्यंत थेट विमान आहे, तिथून वेगवान ट्रेननं डुसेलडॉर्फ दीडेक तास. एसेनमध्ये जत्रेच्या दिवसांत खोल्यांचे दर चढतात, त्यामुळे डुसेलडॉर्फ किंवा डुइसबुर्गला राहून ये-जा करणं परवडतं. शनिवारी गर्दी बेक्कार, शुक्रवार त्यातल्या त्यात बरा. जुना माल हवा असेल तर पाकिटाचं नाव, साल आणि चित्राचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, पाकीट उघडलेलं असेल तर पानं तिथेच मोजा. बूट आरामशीर घाला. पाण्याच्या बाटल्या फेकू नका, दुकानात परत दिल्या की डिपॉझिट मिळतं. आणि विमानात सामानाचं वजन बघून खरेदी करा, पत्ते दिसतात हलके, पण माझ्या बॅगेत परत येताना ते सव्वासहा किलो भरले. त्यातला एक हनाबीचा डबा मावशीसाठी होता.